गाभ्यापर्यंत

ग्रिम्स्बीला, मासे गोठवण्याच्या कारखान्यात
एकतीस वर्षं काढली मी.
बर्फ मला शिकवू नका.

कॅलम समुद्रातल्या पवनचक्क्यांच्या बोटीवर गेला
आणि ठेवून गेला काचेच्या पेटीत
एक नारिंगी साप, नाव डेस्मंड,
आणि फ्रीझरमध्ये पिशवीबंद उंदीर.
त्यांचा डबा वेगळा, मटारांना लागू द्यायचा नाही,
तेवढं मी बजावलं.

दर दुसऱ्या बुधवारी रात्री एक काढते.
झाकणाच्या डब्यात, फ्रिजच्या तळाला.
घाईने वितळवलेलं
वरून मऊ आणि आत दगड असतं :
कॉड असो, उंदीर असो,
नेव्हिलशी झालेला समेट असो.

मायक्रोवेव्ह नाही. उकळतं पाणी नाही.
सकाळी पिशवीसकट कोमट पाण्यात सोडते,
दोनदा पाणी बदलते,
मग अंगठ्याने पोट चेपून बघते
कुठे खडा लागतोय का.
याच हातावर कधीकाळी
बाटलीतलं दूध थेंबभर टाकून बघायचे.
हे कॅलमला सांगितलेलं नाही.

पुसून कोरडा करते, लांब चिमट्यात धरते.
एकदा बोट पुढे गेलं होतं.
डेस्मंडचा काय दोष,
बोटालाच उंदराचा वास होता.

पाच आठवडे खाल्लं नाही त्याने.
डोळ्यांवर दुधाळ निळं सावट, कात येऊ घातलेली.
तीन उंदीर कागदात गुंडाळून
बाहेरच्या पिंपात टाकले.
पुन्हा गोठवायचे नसतात.
एकदा वितळलं ते वितळलं.

कॅलमचा फोन : "खाल्लं का त्याने?"
मागे वारा, इंजिन,
आणि पुन्हा तेच : "खाल्लं का?"
दुसरं काही विचारत नाही पोरगा.

काल टाकली कात. उलट्या काढलेल्या मोज्यासारखी,
अख्खी, डोळ्यांवरच्या काचांसकट.
आज घेतलं.
झडप, विळखा
(मेलेल्यालाच पुन्हा मारायचं, खोड ती!)
मग जबडा सैल,
आणि सावकाश, अगदी शेवटी,
दोऱ्यासारखी शेपटी आत.

दोन दिवस आता त्याला हात लावायचा नाही.
कोपरापर्यंत साबणाने हात धुतले,
कारखान्याची सवय.
कॅलमला लिहिलं : खाल्लं.
उत्तर आलं नाही. समुद्रावर असं होतं.

मोठा दिवा मालवून पेटीजवळ बसले.
त्याच्या अंगातला फुगवटा
तसूतसूने मागे सरकत होता.
चहा केव्हाचा गार झालेला.
तसाच प्याले.