वीतभर

लेसर होऊन सात आठवडे झाले.
चष्मा गेला, पण बोट अजून नाकावर जातं
आणि नसलेलं काहीतरी वर सरकवतं.

डॉक्टर म्हणाले होते, महिनाभर डोळ्यांत काही नको.
काजळ नको, अंजन नको, तेलकट तर नकोच.
आई जन्मभर सांगत आली, डोळ्यांत तेल घालून वाग.
दोघांचंही ऐकायचं म्हणजे पंचाईत.

आता परवानगी आहे. बेतानं, म्हणाले,
आणि सगळं नवं घ्या, जुनं टाकून द्या.
नऊ वर्षांपूर्वीची काजळाची कांडी टाकली.
ती ओल्या कचऱ्यात जाते की सुक्या,
यावर घरात बरीच चर्चा झाली.

शनिवारी तुळशीबाग.
स्कूटर मंडईच्या पार्किंगला, तोंडाला ओढणी, काळा गॉगल,
पर्समध्ये थेंबांची कुपी, करंगळीच्या पेराएवढी,
एकदा तोडली की त्याच दिवशी संपवायची.

दुकानात सगळंच चमकणारं.
चमक नको, म्हटलं, कण डोळ्यांत जातात.
वास नको.
पेन्सिल मऊ हवी, पापणीच्या बाहेरून फिरणारी,
आतल्या ओल्या कडेला हात न लावणारी.
काळी? काळी राहू द्या. तपकिरी दाखवा.

मुलीचं नाव रुबिना, छातीवरच्या बिल्ल्यावर होतं.
तिनं मस्कारा पुढे केला.
वॉटरप्रूफ आहे मॅडम, रडलात तरी हलणार नाही.
मी म्हटलं, मला रडल्यावर निघणारा हवाय.
ती थांबली.
मग काउंटरखाली वाकून एक मातकट खोका काढला.
हा कोमट पाण्यानं निघतो, चोळायला लागत नाही.
माझी खाला नेते, मोतीबिंदू काढल्यापासून.

खोक्यावर घटक. मुंग्यांची रांग.
मी हात लांब केला.
अजून लांब.
हात संपला.

हे कुणी सांगत नाही. म्हणजे डॉक्टर सांगतात,
आपण ऐकत नाही.
सेहेचाळिसाव्या वर्षी लांबचं मागितलं
की जवळचं परत करावं लागतं.
उणे सातचे डोळे होते माझे.
चष्मा काढला की सबंध पुणं दुधात विरघळायचं,
पण वीतभराच्या आत जे येई, ते फक्त माझं.
सुईचं नेढं. तांदळातला खडा.
रात्री अडीचला दूध पिणाऱ्या इराच्या पापण्या, सुट्या सुट्या.
मोजायला घेतल्या होत्या एकदा.
एकसष्टपर्यंत आले आणि तिनं डोळा उघडला.

त्या डोळ्यांना मी उणे म्हणत आले.

रुबिनानं वाचून दाखवलं, अडखळत, बोट ठेवून,
सुगंध नाही, अमुक नाही, तमुक नाही.
नसलेल्या गोष्टींची एवढी मोठी यादी
आणि किंमत असलेल्यांपेक्षा जास्त.
तिच्या स्वतःच्या डोळ्यांत काजळ भरगच्च, आतून, बाहेरून,
मला आठवेल असं.
पैसे देताना मी तिच्याकडे जरा जास्तच बघितलं असणार.

संध्याकाळी पुतण्याचं रिसेप्शन. रडण्यासारखं काही नव्हतं.
आरशाजवळ गेले की माझेच डोळे पुसट,
लांब गेले की हात पोचेना.
शेवटी इराला हाक मारली.
एकोणीस वर्षांची. आली, हनुवटी धरली,
वर बघ, म्हणाली. हलू नको गं. श्वास घेतलास तरी चालेल.

पेन्सिलीचं टोक तिनं आधी स्वतःच्या मनगटावर ऊन केलं.
मग बाहेरून, कडेकडेनं, एक रेघ.
तिचा चेहरा वीतभरावर,
गव्हाळ, धूसर, त्याला वास चहाचा.
पापण्या होत्या कुठेतरी त्यात.
तिच्या खांद्यावरून खिडकी, खिडकीत वेताळ टेकडी,
झाडन्‌झाड कोरलेलं.

झालं, म्हणाली ती. कसं दिसतंय?

मी म्हटलं, वर टेकडीवर एक माणूस उभा आहे,
लाल टोपी,
कुत्र्याला हाका मारतोय.