गळती

पाषाणच्या प्रयोगशाळेत, तळमजल्यावर,
उत्पादन शुल्क खात्याची एक लाल वही आहे:
किती लिटर आली, किती वापरली, किती उरली.
'उडाली' असा रकाना तीत नाही.

तुपेकाका दर सोमवारी ड्रममध्ये पट्टी सोडतात,
चष्मा कपाळावर चढवून आकडा लिहितात.
एकतीस वर्षांत थेंब चाखला नाही,
हे ते सांगत नाहीत, हडपसरचे लोक सांगतात.

माझं काम त्यापुढचं.
बोटाएवढ्या पोलादी नळीत पांढरे दाणे,
साबुदाण्याहून बारीक, आणि त्यांच्या आत
डोळ्यांना कधीच न दिसणारी भोकं.
चारशे अंशांवर मद्यार्काची वाफ तिथून जाते
आणि जाता जाता
अंगातलं पाणी टाकून जाते.
बाहेर पडतं ते इथिलीन.
रंग नाही, वास जेमतेम, झिंग तर नाहीच.
त्याच्या पुढे बादल्या होतात, दुधाच्या पिशव्या,
शेततळ्याचा काळा कागद.

पुस्तकात लिहिलंय, उत्प्रेरक स्वतः बदलत नाही.
नळी उघडून बघा एकदा.
चाळीस तासांनी दाणे काळे,
ज्याला ज्याला वाट दिली
त्याचं थोडं थोडं अंगाला राहिलेलं.
मग रात्रभर हवा सोडायची, साडेपाचशे अंश,
काजळी जळेस्तोवर जागायचं.
सकाळी पांढरे. जवळजवळ.
त्या 'जवळजवळ'वर माझा प्रबंध आहे.

मार्चमध्ये हिशेब जुळेना.
शंभर कार्बन आत, काजळी धरून सत्त्याण्णव बाहेर.
सांध्यांना साबणाचा फेस लावला, बुडबुडा नाही.
नवं यंत्र म्हणालं, सगळं ठीक.
सर म्हणाले, पुन्हा मोज.
तुपेकाका काही म्हणाले नाहीत.
मंडईतून हिरव्या केळ्यांची फणी आणली
आणि सुतळीने एकेक बांधत गेले:
एक व्हॉल्व्हपाशी, एक कंडेन्सरला,
एक दाबमापकाखाली,
एक लांब, खिडकीच्या गजाला.
ते कशाला, मी विचारलं.
"त्याला काही झालं तर आपण खोटे," म्हणाले.

तिसऱ्या दिवशी
दाबमापकाखालचं पिवळं.
बाकीची हिरवीगार, आपापल्या जागी.

पान्याने अर्धा आटा फिरवला त्यांनी, बस्स.
मग बाहेर पायरीवर बसून सोललं,
मोडून अर्धं मला दिलं.
टेकडीवर मोर ओरडत होता.
"काका, वहीत काय लिहायचं?"
तोंडातला घास संपवून म्हणाले,
"लिही, पिकलं."