छप्पन्नावा

पंचावन्न दिवस ओढली नाही.
शनिवारी मेहुण्याला मातीत ठेवून परतताना
तळहातावर उकडलेल्या गव्हाची साखर अजून चिकट होती,
कुणीतरी पाकीट पुढे केलं
आणि माझ्या आधी माझा हात पोचला.

पहिले पाढे पंचावन्न म्हणतात.
इतके तंतोतंत ते कुणाच्या वाट्याला आले नसतील.

रविवारी नवं पाकीट घेतलं.
बायको, रुमेन्का, काही बोलली नाही.
भर फेब्रुवारीत खिडकी उघडली फक्त,
आणि बर्फाचे कण आत येऊन
टेबलावर विरघळेपर्यंत उघडीच ठेवली.

आईने माझं नाव ओग्न्यान ठेवलं. त्यात विस्तव आहे.
यावर पंचवीस वर्षं विनोद करत आलो.
रविवारी रात्री तो विनोद आठवला.
हसू आलं नाही.

सोमवार. रुसे बंदर. डॅन्यूबवर धुकं,
पलीकडचा रोमेनिया पुसून टाकलेला.
माझी क्रेन सात नंबरची, वर एकशे बारा पायऱ्या.
आठ नंबरवर वेलिच्का, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली,
आवाज असा की वायरलेस नसता तरी चाललं असतं.

"वर पोचलास?"
"पोचलो."
"दम कुठे लागला?"
हे असलं काय विचारायचं.
"तिसऱ्या टप्प्यावर."
"आणि नाताळाआधी कुठे लागायचा?"

पहिल्याच. कठड्याला धरून,
खालून कामेनला कळू नये म्हणून
बुटाची नाडी बांधल्यासारखं करत.

मी उत्तर दिलं नाही.
म्हणजे छातीने पाटी पुसली नव्हती.
मीच एकटा पुसत बसलो होतो
शनिवारपासून.

"रुमेन्काचा फोन आला होता," वेलिच्का म्हणाली.
"ऐक. मी पाच वेळा सोडली. म्हणजे चार वेळा परत धरली.
एकदा तर लेकीच्या बाळंतपणात,
दवाखान्याच्या मागच्या जिन्यात, नर्सकडून मागून.
दोन दिवस खाडे झाले तुझे. खाड्याचा पगार कापतात.
आधीच्या पंचावन्नाचा कोण कापतं?"

मग म्हणाली, "किती उरल्यात?"
"अकरा."
"पाठव."

पाठवल्या. कशा, ते मुकादमाला सांगू नका.
डब्याच्या दोरीने पाकीट खाली सोडलं,
कामेनने ते आकड्याला बांधलं,
आणि चाळीस टन पेलणाऱ्या हाताने
मी अकरा सिगारेटी उचलल्या,
धुक्यातून, सावकाश, काच नेतात तशा,
आठ नंबरच्या दारापर्यंत.
इतकं जड काही मी आजवर उचललं नव्हतं
असं म्हणायला छान वाटेल. खरं सांगतो,
काट्यावर शून्य आलं.

"गहाण ठेवून घेते," ती म्हणाली. "मागशील तेव्हा देईन.
पण स्वतः यायचं. तुझ्या एकशे बारा खाली,
माझ्या एकशे बारा वर."

दहा वाजता मागाव्याशा वाटल्या.
पोलादाच्या गुंडाळ्या उतरवल्या, नऊ.
सूर्यफुलाच्या बिया फोडल्या, ओठ खारट झाले.
पावणेतीनला तर उठलोच. दाराची कडी काढली,
वरच्या पायरीवर उभा राहिलो.
वारा होता. धुकं एका जागी फाटून
पलीकडचं एक छप्पर दिसत होतं, लाल.

वायरलेस खरखरला.
"आहेस?"

हे ती सकाळपासून दर तासाला विचारत होती,
आणि मला वाटत होतं, कामाचंच विचारते.

आत आलो. कडी लावली.
"आहे," म्हणालो. "आज कितवा धरायचा?"
"मला काय विचारतोस, हिशेब तुझा," ती म्हणाली.
"गुंडाळी जरा डावीकडे घे.
कामेन खाली उभा आहे."