कोरडं फडकं

मानकापूरच्या पुढे, कोराडी रोडला
माझं वॉशिंग सेंटर. दोन रॅम्प, एक बोअर,
आणि वरून वीजघराच्या चिमण्यांची राख.
रात्रभर पडते, आवाज न करता.
चिमटीत घेतली तर पिठासारखी,
भिंगाखाली धरली तर काच.

लांजेवार सर आले ते मे महिन्यात,
पहाटेच, पत्रा तापायच्या आत.
काळी गाडी, बारा वर्षांची.
"घरच्या पोट्ट्यायलेही हात लावू देत नाही मी.
रोज पाच वाजता पुसतो. स्वतः. कोरडी."
फडकं दाखवलं:
जुन्या सुती साडीचा चौकोन, इस्त्री केलेला,
मऊ. खरंच मऊ.

जरीपटक्याकडून सूर्य वर आला
आणि बॉनेटवर जाळं उजळलं.
एकात एक वर्तुळं, केसाहून बारीक,
कोळ्यानं बारा वर्षं
एकच किरण पकडायला घालवल्यासारखी.
सरांनी आयुष्यभर भूमिती शिकवली होती,
पण ते सावलीत उभे होते,
माझ्या पोह्यांवरच्या तर्रीकडे बघत.

शकूर चाचांनी मला शिकवलं ते असं:
आधी पाणी, मग हात.
वरून खाली ये, चिखल खालीच राहतो.
दोन बादल्या ठेव, एक साबणाची, एक पश्चात्तापाची;
हातमोजा आधी दुसरीत, मगच पहिलीत.
सरळ ओढ बे, गोल काहून फिरवतो,
आरती चालू आहे का?
अंगठी काढ. पट्ट्याचं बक्कल मागे घे.
टॉवेलचं लेबल कापून टाक, तेही ब्लेडच.
आणि जमिनीवर पडलेलं फडकं
मेलं समज. चाकाला चालेल, रंगाला नाही.

चाचा हे सगळं सांगून गेले.
माणसाला कसं सांगायचं ते राहिलं.
की सर, हे जाळं तुमच्याच हातचं,
पाच वाजताच्या, न चुकणाऱ्या हातचं.
ज्याची गाडी पोळ्यापासून पोळ्यापर्यंत
लिंबाखाली धूळ खाते,
तिच्या रंगावर रेषा कमी असतात.

पॉलिशनं जाईल बरंच.
पण वरचं वार्निश थोडं थोडं झिजेल
आणि ते काही उगवत नाही.

मी आधी पाणी मारलं. बराच वेळ.
मग पाईप बंद न करताच म्हणालो,
"राख आहे सर इथली. भिजवायची असते.
कोरडी पुसली की ओरखडते."
"म्हणजे रोज भिजवू?"
"रोज पुसूच नका."

त्यांनी घडी उलगडली, पुन्हा घातली.
बॉनेटपाशी वाकले, उन्हात आले,
आणि पहिल्यांदा बघितलं.
मग, बऱ्याच वेळानं,
"पण पाच वाजता उठून
मी करू काय बाप्पा आता?"

आता पाच वाजता ते इथंच असतात.
दुसऱ्यांच्या गाड्यांवर फक्त पाणी मारतात,
हात मागे बांधल्यासारखे लांब उभे,
आणि पोरांना ओरडतात: सरळ रेषा! सरळ!

ते फडकं खिशात असतं.
त्यानं चष्मा पुसतात, दर पाच मिनिटांनी,
गोल, गोल.
हे मी अजून सांगितलेलं नाही.