मधल्या पातळीच्या

नकाशा टेबलावर मावत नाही
म्हणून फरशीवर पसरलाय,
चार कोपऱ्यांना चार वजनं :
शेंगाचटणीची बरणी, इन्व्हर्टरच्या पाण्याचा कॅन,
नलिनीची पर्स, माझा पाय.
बाहेर त्रेचाळीस. अशोक चौकात कुत्रंही नाही.
पंखा फिरला की ओबरलिंडाखचा डोंगर
एका कडेनं जरासा उचलला जातो.

निळ्या रेघा सोप्या, लाल मधल्या,
काळ्या त्यांच्या, ज्यांना गुडघ्यांची काळजी नाही.
आम्ही लालवाल्या. म्हणजे, असं आम्ही म्हणतो.
औलीला दोन हिवाळे काढले :
पहिल्या वर्षी पडायला शिकलो,
दुसऱ्या वर्षी उठायला.
जाताना मास्तर म्हणाले,
वळता येतं तुम्हाला, थांबता येत नाही.
नलिनी म्हणाली, आमच्या गावात
थांबलं की मागचा रिक्षावाला अंगावर येतो, सर.

गाव अनोळखी आहे
आणि अकरा वर्षं मी त्याचं नाव विणतेय.
तिथल्या एका हॉटेलचे टॉवेल आमच्या शेडमध्ये होतात,
काठावर नाव, पांढऱ्यात पांढरं,
उजेडात तिरपं धरलं तरच दिसणारं.
दर ऑगस्टला दोन हजार नग.
अंबादास त्याला 'ओबर लिंबाळं' म्हणतो,
एकदा चलनावरही तसंच लिहिलं होतं,
माल तरीही पोचला.

कधी जायचं?
जानेवारीत गड्डा, घरात पंधरा पाहुणे,
सिद्धेश्वराला सोडून बर्फात गेले
तर सासूबाई काही बोलणार नाहीत,
तेच वाईट.
फेब्रुवारीत तिकडच्या शाळांना सुट्टी,
खोल्या दुप्पट, लिफ्टला रांगा.
मार्चात हिशेब बंद करायचे,
आणि मार्चात म्हणे दुपारनंतर बर्फ
ओल्या साखरेसारखा चिकटतो.
उत्तरेकडचे उतार धरायचे, नलिनी म्हणते.
हे मात्र लगेच पटलं.
उत्तरेची भिंत आम्हालाही कळते,
तिच्याच सावलीला माठ ठेवतो आम्ही.

नकाशावर विश्वास कितपत ठेवायचा?
काढणाऱ्यानं सगळे उतार
आपल्याकडे तोंड करून बसवलेत,
लग्नातल्या फोटोतल्या चुलत्यांसारखे.
कुठे वारा झोंबतो, कुठे सपाट लागतं
आणि काठ्या रोवत ढकलत जावं लागतं,
ते यात नाही.
चौदा नंबरची लाल रेघ थेट गावात उतरते,
अगदी आमच्या टॉवेलांच्या दारात,
पण मध्ये, बोटाच्या दोन पेरांएवढी,
ती बारीक होते.
बारीक म्हणजे किती? कडेला जाळी, का दरी?
मल्लेशम पेपरातून डोकं वर न काढता विचारतात,
एवढे पैसे भरून वर जायचं ते खाली यायलाच ना?
आम्ही उत्तर देत नाही.
हेल्मेट भाड्याचं घ्यावं का विकत, यावर बोलतो.

अर्जात तीन चौकोन :
नवशिक्या, मधल्या, तरबेज.
घाबरेपर्यंत पाय समांतर राहतात,
घाबरलं की पुन्हा त्रिकोण,
याला काय म्हणतात?
घरात तेलुगू, शाळेत मराठी, दुकानात कन्नड,
एकातही बक्षीस नाही,
एकातही अडलं नाही कधी.
मी मधल्या चौकोनात खूण करते.
नलिनी ती खोडते, मग पुन्हा करते,
माझ्यापेक्षा ठळक.

एवढ्यात खालून हाक येते : नळ आला!
पाचव्या दिवशी, भर दुपारी, न सांगता.
माझा पाय निघतो
आणि डोंगर पंख्याच्या वाऱ्यावर अर्धा मिटतो.
नलिनी जिना उतरते आहे :
गुडघे वाकवून, वजन पुढे,
नजर पायांवर नाही, पुढच्या वळणावर,
दोन्ही हातांत रिकाम्या बादल्या.
शेवटच्या पायरीशी ती थांबते.
जवळजवळ.

चौदा नंबरचं अजून ठरलेलं नाही.