भरलेला डबा

शनिवारपर्यंत अर्ज द्यायचाय.
दोन चौकटी: अतिदक्षता, प्रसूती.
एकीतच खूण. खाडाखोड चालणार नाही,
असं खाली बारीक अक्षरात.

सयाजी हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावर
सात नंबरच्या काकांना नळीमुळे बोलता येत नव्हतं.
पाटीवर त्यांनी थरथरत लिहिलं, ‘पंखो’.
मी पंखा लावला
आणि दिवसभर उगाच
कुणाला तरी वाचवल्यासारखी चालले.

खाली लेबर रूममध्ये
छोटा उदेपूरकडच्या रेवलीबेननं मनगट धरलं,
‘बेन, जता नहीं.’
गेले नाही. पाळी संपून तीन तास झाले होते.
चार नखांच्या चार खुणा अजून आहेत,
अर्ज काढला की मी बाही खाली ओढते.

एस्थरबेन मॅकवान, निवृत्तीला सहा महिने,
ट्रे पुसता पुसता म्हणाल्या,
‘यंत्रं खोटं बोलतात, बायकाही बोलतात.
“दुखत नाही” म्हणतात.
तुला कोणाचं खोटं लवकर कळतं, ते बघ.’

बाबा पगार विचारतात.
मामेभाऊ कॅनडाचं विचारतो.

दांडिया बाजारातल्या आमच्या दोन खोल्यांत
मोरीत डबा विसळताना आई म्हणाली,
‘जूनमध्ये रोज भरलेला परत यायचा.
तेव्हा ड्यूटी कुठं होती गं?’

मी सांगितलं.
ती नुसतं ‘हं’ म्हणाली.

असा उपास आवडीनं घडतो की धास्तीनं,
हे विचारायला वळले,
तर ती उद्याच्या डब्याचा शेपू घेऊन बसलेली.
अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली:
‘जाड देठं काढ.’