कंटिन्युइटी

माझं काम मेणबत्त्या मोजायचं.
कुठल्या शॉटला कुठली किती जळली होती,
काउंटच्या कोटाची कितवी गुंडी उघडी,
ओघळ गळ्याच्या डाव्या अंगाला की उजव्या.
सतरा दिवस
पडद्यावर एका रात्रीएवढे दिसावेत,
त्यासाठी आठवड्याला अठरा पौंड.

हर्फर्डशायर, एकाहत्तरचा नोव्हेंबर. विदरली कोर्ट.
चौतीस खोल्या,
त्यांतल्या अकरा कोरड्या.
मालकीण मिसेस हेस्टर लॅमबोर्न
भाडं आगाऊ, रोख घ्यायची,
नोटा मोजायची हातमोजे न काढता.
छपराला शिसं हवं होतं.

संहितेत तो जुनाच नियम होता:
बोलावल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही.
आम्हाला तिनंच आत घेतलं.
म्हणाली, पाय पुसा.

रक्त म्हणजे साखरेचा पाक, खायचा लाल रंग, चिमूटभर कोको.
रात्री उंदीर येऊन जिना चाटून साफ करत
आणि सकाळी मी वहीत बघून
ओघळ पुन्हा पायरीगणिक सोडवून घ्यायची.
ऑब्री पेनफोल्ड, वय चौसष्ट,
यांचे वरचे सगळे दात कवळीचे.
सुळे काही कवळीवर बसेनात,
मग कवळी खिशात, आणि बोळक्यात नुसते दोन सुळे.
डेनिस क्रॅबट्री ओरडला, ऑब्री, तोंड मिटून भीती दाखव!
ते तोंड मिटून उभे राहिले.
थंडीनं हनुवटी थरथरत होती.
अख्ख्या चित्रपटात मला भीती वाटली ती तेवढीच.

दिवाणखान्यातला आरसा भिंतीत स्क्रूनं ठोकलेला,
आठ फुटी.
काउंट त्यात दिसून चालणार नव्हतं
आणि कॅमेऱ्याची करामत परवडणार नव्हती.
साबण फासा, डेनिस म्हणाला.
ती म्हणाली, सासूबाईंचा आहे. मीच फासते.
स्टुलावर चढून, गोल गोल हात फिरवत,
जणू कुणाला आंघोळ घालतेय.
उजव्या खांद्यात संधिवात,
म्हणून वरचा एक कोपरा राहिला.
खालून कुणाच्या ध्यानात आलं नाही.

शेवटचा शॉट पहाटेचा.
सूर्य येईना.
खाटकाची व्हॅन खिडकीशी उलटी लावली होती,
ती सुलटी करून तिचे दिवे सोडले पडद्यांतून.
फिल्म उरलेली शंभर फूट.
पेनफोल्ड गुडघ्यांवर कोसळले,
आम्ही बॉयलरमधली राख चाळून ठेवली होती,
ती हलकेच त्यांच्या जागी पसरत गेली.
आणि आरशाच्या त्या कोपऱ्यात
वरच्या गॅलरीत ट्रे घेऊन उभी होती ती.
थांबलेली. खाली बघत.
चहा निवतोय आणि माणूस येत नाहीये,
तेव्हा बघतात तसं.

तीन सेकंद.
डेनिस म्हणाला, राहू दे, कोण बघणार आहे.
खरंच होतं.
स्केगनेसला दुसऱ्या खेळाला मी धरून अकरा माणसं,
त्यांतला एक घोरत होता.

मग छपराला शिसं लागलं, तेही चोरीला गेलं.
घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात;
इथं वासे आधी फिरले होते.
अठ्ठ्याहत्तरला पाडलं. तिथं आता बीट पिकतं.
ती लेमिन्स्टरच्या वृद्धाश्रमात गेली,
दोन वर्षांनी तिथूनही.

परवा एक मुलगा आला, प्रबंध लिहितोय.
माझ्याच टीव्हीवर त्यानं चित्र थांबवलं.
ही कोण?
खोलीत तर कुणीच नाही. नुसतं प्रतिबिंब आहे.
तुम्ही मुद्दाम केलं होतं का, उलटा व्हँपायर?
देह नाही, आणि आरशात मात्र आहे?

मी म्हटलं, नाही रे. चूक आहे ती. माझी.

तो गेल्यावर वही काढली.
शॉट दोनशे सहा. मेणबत्ती दुसरी, चार बोटं.
राख, गालिच्याच्या कडेपर्यंत.
आणि खाली, बारीक अक्षरात, माझंच:
ट्रेमध्ये कप दोन.